पंधरा दिवस गाडी धुऊ नका

"अहो साहेब, आज खंडेनवमी! आज नाही धुवायची तर काय शिमग्याला धुवायची गाडी?"

हा माझा अकरावा फोन. पलीकडे तळवड्याचे कोणी रसाळ म्हणून गृहस्थ होते, आणि त्यांच्या मागून नळीच्या पाण्याचा सूं सूं आवाज येत होता.

"रसाळसाहेब, आधी नळी बंद करा. आमच्या गाडीवर पाणी पडलंय का?"

"नाही अजून. पोराची मोटारसायकल घेतलीय आधी. तुमची चपळा शेवटी. नवीन नवरी ना ती!"

"तिला पंधरा दिवस धुऊच नका. कोरड्या फडक्यानं पुसा, हार घाला, नारळ लांब फोडा. पण पाणी मारू नका."

"का हो?"

"पेंट ताजा आहे. पक्का बसायला पंधरा दिवस लागतात. नाहीतर डाग पडतील."

"अरे बापरे! डाग नको बाबा. ए, नळी बंद कर रे!"

पेंट म्हटलं की माणसं पटकन ऐकतात, हे मला त्या सकाळी कळलं. आणि आपण इतकं सफाईदार खोटं बोलू शकतो, हेही त्याच सकाळी कळलं. आज मला कॉलेजांमधून भाषणाला बोलावतात, विजेच्या गाड्यांमधला जुनाजाणता माणूस म्हणून. भाषणाआधी कोणीतरी माझी ओळख वाचून दाखवतं. तीत एक वाक्य हमखास असतं, 'संकटाच्या वेळी स्वतः एकेका ग्राहकाला फोन करणारे अधिकारी.' ते वाक्य आलं की मी टेबलावरची पाण्याची बाटली चाचपायला लागतो.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. बावीस वर्षं पेट्रोलच्या इंजिनांत हात काळे करून, चाकणच्या एका नव्या कंपनीत मुख्य अभियंता म्हणून आलो होतो. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. "विजेवर मिक्सर चालतो, स्कूटर नाही," असं माझे सासरे म्हणाले होते. तीन वर्षं राबून आम्ही चपळा नावाची स्कूटर केली, आणि घटस्थापनेच्या मुहूर्तावर पहिल्या चौसष्ट गाड्या गिऱ्हाइकांच्या हातात दिल्या. दसऱ्याला सगळ्यांसाठी नोंदणी उघडायची होती. सगळं कसं मुहूर्तावर!

आणि अष्टमीच्या संध्याकाळी पल्लवी ढमढेरे माझ्या केबिनमध्ये आली. पल्लवी आमच्या चाचणी विभागाची. पोरगी भारी हुशार, आणि हुशार माणसाला असते तशी नको तिथे नाक खुपसायची खोड तिला होती. तिच्या हातात बॅटरीच्या पेटीचं झाकण होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते.

"सर, मी आज चाचणीची गाडी घरी नेली होती. वीस किलोमीटर चालवली आणि दारात आल्या आल्या धुतली."

"धुतली? का?"

"उद्या खंडेनवमी ना. आई म्हणाली, आलीच आहेस तर तुझ्या गाडीला पण पाणी मार." ती ओशाळली. "धुतल्यावर मला उगाच शंका आली. म्हणून परत आणून उघडली."

मी झाकण हातात घेतलं आणि मला सगळं कळलं. आम्ही प्रयोगशाळेत बॅटरी पाण्यात बुडवायचो, अर्धा अर्धा तास, आणि थेंब आत जायचा नाही. पण बुडवायचो ती थंड असताना. माणसं गाडी चालवून आणतात आणि तापलेलीच धुवायला घेतात. तापलेल्या पेटीवर नळीचं गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढते. तीन वर्षं आम्ही जगभरच्या चाचण्या केल्या, आणि आपल्या आया खंडेनवमीला गाडीवर पाणी मारायला लावतात, ही एक चाचणी कुणाच्या डोक्यात आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आत पाणी असताना चार्जिंगला लावली तर?" पल्लवीनं विचारलं.

मी झाकण घेऊन उठलो. उत्तर तिलाही माहीत होतं.

समीर राजाध्यक्ष, कंपनीचा मालक, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगतो. कामगारांच्या लग्नांना जायचा, डब्यातली पोळी वाटून खायचा. त्यानं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं.

"टिल्लू सर, एका गाडीत निघालंय."

"एकच धुतलीय, समीर. उद्या चौसष्टच्या चौसष्ट धुतील. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवायला हवं, बॅटरीत दोष आहे, गाडी धुऊ नका आणि चार्ज करू नका."

"परवा नोंदणी उघडायचीय. 'बॅटरीत दोष' असा एक निरोप बाहेर गेला की संध्याकाळपर्यंत तो महाराष्ट्रभर फिरतो. मग कंपनी राहत नाही. तुम्ही राहत नाही, पल्लवी राहत नाही, खालची दोनशे माणसं राहत नाहीत." तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. खरंच हात जोडले त्यानं. "दोन दिवस द्या मला. दसरा होऊ द्या. मग मोफत सर्व्हिसिंग म्हणून सगळ्या गाड्या आत घेऊ, झाकणं बदलू."

"आणि उद्याचं काय?"

"उद्या गाड्या धुतल्या जाणार नाहीत, एवढं बघा. कसं ते तुम्ही ठरवा. फक्त बॅटरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. मी राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता, असं आता कोणीही म्हणेल. मीही रोज म्हणतो. पण मी चौसष्ट नावांची यादी घेतली, आणि रात्रभर विचार करून पेंटची थाप शोधून काढली. ही थाप सुचली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

यादीत एकोणचाळिसावं नाव होतं, सोपान बाबूराव गव्हाणे, भोसरी.

सोपान गव्हाणे म्हणजे तात्या. माझ्या पहिल्या नोकरीतले पेंट शॉपचे फोरमन. मी डिग्री घेऊन इस्त्रीच्या शर्टात तिथे गेलो, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ये शिऱ्या. आता शिकायला लाग." शिरीषचा शिऱ्या त्यांनी त्या दिवशी केला तो कायमचा. सहा महिने मी त्यांच्या हाताखाली होतो. रंग ओव्हनमधून निघाला की तात्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यावर दाबायचे, जरासं ओढायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे, चोख किंवा कच्चा. प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी यायचा आणि तात्यांच्या नखाशी जुळायचा. आणि सारखी परीक्षा घ्यायचे. जेवताना, चहाच्या टपरीवर, कुठेही. "शिऱ्या, पत्रा किती डिग्री? किती वेळ? मग?" त्यांचा तो 'मग?' आला की पुढचं कारण सांगावं लागायचं. नुसता आकडा त्यांना चालायचा नाही.

खंडेनवमीला तर पेंट शॉप म्हणजे देऊळ. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख, नवमीला हळदकुंकू, झेंडूचे हार. ज्याच्या हाताखालचं यंत्र मळकं दिसेल त्याची तात्या आईमाई काढायचे. "वर्षभर तुला खायला घालतंय, एक दिवस अंघोळ घाल की त्याला!"

माझ्या कंपनीची गाडी येतेय म्हटल्यावर निवृत्त तात्या पहिल्या यादीत नाव घालून मोकळे झाले. घटस्थापनेला गाडी न्यायला आले ते धोतर-टोपीत, सुनेला घेऊन. किल्ली माझ्या हातून घेतली आणि कंपनीच्या लोकांसमोर म्हणाले, "माझ्या शिऱ्यानं केलीय. आवाज नाही, धूर नाही. पण रंग बघतो हं मी!" आणि सगळ्यांसमोर पॅनेलवर अंगठ्याचं नख ओढलं. "चोख!" सगळे हसले. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेव्हा एकोणचाळिसाव्या नावापाशी माझं बोट थांबलं, ते का, हे वेगळं सांगायला नको. ओव्हनमधून निघालेला रंग तेव्हाच पक्का असतो, त्याला पंधरा दिवस लागत नाहीत. जगात एका माणसाला पेंटची थाप मारता येणार नव्हती आणि तो माणूस माझ्या यादीत होता. मी ठरवलं, तात्यांना खरं सांगायचं. समीर गेला खड्ड्यात.

फोन सून रेश्मानं उचलला. "तात्या झेंडूची फुलं आणायला गेलेत, दादा. तुमच्याच गाडीवर. आल्यावर सांगते फोन करायला."

"रेश्माताई, गाडी धुऊ देऊ नका त्यांना. मी बोलल्याशिवाय नाही."

"बरं. पण तुम्हीच सांगा हो. माझं कुठे ऐकतात ते!"

मी पुढची नावं घेतली. तिघांनी पहाटेच बाजारातून आल्या आल्या गाडी धुतली होती. त्यांना 'चार्जिंगचं सॉफ्टवेअर बदलतोय' म्हणून थांबवलं आणि टेम्पो पाठवून गाड्या उचलून आणल्या. तिन्हींत पाणी निघालं. पल्लवीनं तिसरं झाकण आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून निघून गेली. अकराच्या सुमारास समीर आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

"किती झाले?"

"साठ. तीन लागत नाहीत, एकाची वाट बघतोय."

"कोणी विचारलं नाही ना काही?"

तेवढ्यात फोन वाजला. तात्या.

मला उठून बाहेर जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण समीर माझ्याकडे बघत होता, आणि मी उठलो असतो तर कशाला उठलो हे त्याला कळलं असतं. माणूस किती क्षुल्लक गोष्टीपायी बसून राहतो! मी बसून राहिलो.

"शिऱ्या! काय रे, गाडी धुऊ नको म्हणालास म्हणे?"

"हो तात्या. पंधरा दिवस नको."

"का?"

समीरनं भुवया उंचावल्या.

"पेंट," मी म्हणालो. "पेंट अजून पक्का बसलेला नाही. डाग पडतील."

मग तात्या हसले, पोटातून, जोरात. "मला सांगतोस? अरे, मला?"

"तात्या, माझं ऐका. एवढं ऐकाच."

"साहेब समोर बसलाय वाटतं तुझा?"

"हो."

"हां हां. आलं लक्षात. नको काळजी करू, मी बघतो बरोबर." आणि फोन ठेवला.

मी सुटकेचा श्वास सोडला. माझा तात्या तो! सहा महिन्यांत मला आरपार वाचलेला माणूस, शब्दामागचं त्यांना कळलं. खोटं बोलतोय म्हणजे काहीतरी मोठं आहे, गाडीला हात लावायचा नाही, हे त्यांनी ओळखलं. मी एकोणचाळिसाव्या नावापुढे बरोबरची खूण केली. संध्याकाळी समीर नसताना परत फोन करून सगळं सांगू, असंही मनात म्हटलं.

सव्वाचारला रेश्माचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती ओरडत होती. मागे माणसांचा कालवा होता, बादल्यांचा आवाज होता. मला तीन शब्द कळले. तात्या, जिना आणि हात.

भोसरीच्या त्या घराला एकच जिना होता आणि चार्जिंगचं बटण जिन्याखाली होतं; तात्यांनी गाडी तिथेच चार्जिंगला लावली होती. वर रेश्मा आणि तिची चार वर्षांची मुलगी झोपल्या होत्या. गाडीतून आधी धूर आला, मग फटाक्याच्या माळेसारखा आवाज. तात्या ओसरीवर पेपर वाचत होते. जिना पेटला तर पोरी वर अडकतील म्हणून एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं जळती गाडी दोन्ही हातांनी धरून अंगणात ओढून आणली. मी पोचलो तेव्हा अंगणात नुसता सांगाडा उरला होता, आणि त्याच्या पुढच्या बाजूला अर्धवट जळालेला झेंडूचा हार लटकत होता.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नोंदणी उघडली. अकरा हजार गाड्या. कारखान्यात पेढे वाटले.

बारा दिवसांनी विम्याचा माणूस आणि कंपनीचे वकील हॉस्पिटलात जबाब घ्यायला गेले. मलाही बरोबर नेलं, 'तुमची ओळख आहे' म्हणून. तात्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं डॉक्टरांनी काढून टाकली होती. रेश्मा खिडकीशी पाठ करून उभी होती. मी आलो तशी ती बाहेर निघून गेली.

वकील मऊ आवाजात म्हणाले, "गव्हाणेकाका, फक्त दोन प्रश्न. गाडी धुऊ नका असा कंपनीचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आला होता."

"कोणाचा?"

"यांचा. टिल्लूसाहेबांचा."

शिऱ्या नाही म्हणाले. टिल्लूसाहेब म्हणाले.

"स्पष्ट सांगितलं होतं?"

"स्पष्ट. पंधरा दिवस धुऊ नका म्हणाले. दोनदा म्हणाले. मीच ऐकलं नाही. चूक माझी."

"का धुऊ नका, ते सांगितलं होतं?"

आता बोलतील. आता सगळं बाहेर येईल. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला यावं असंच वाटत होतं. माझं तोंड उघडत नव्हतं, निदान त्यांनी तरी उघडावं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"कारण आठवत नाही," ते म्हणाले.

वकिलांनी ते लिहून घेतलं. खाली सही लागणार होती आणि सही करायला हात नव्हता, म्हणून साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. 'ग्राहकास पूर्वसूचना देण्यात आली होती.' मी सही केली.

बाहेर पॅसेजमध्ये समीरचा फोन आला. "टिल्लू सर, त्यांचा सगळा खर्च मी करणार, कागदोपत्री काही असो. पण तुमच्या त्या फोनांनी कंपनी वाचली. मी विसरणार नाही." विसरला नाहीच. गुढीपाडव्याला मी उपाध्यक्ष झालो. झाकणं बदलली, तापलेली गाडी धुवायची चाचणी आमच्या कारखान्यात सक्तीची केली, आणि त्यानंतर आमच्या एकाही गाडीत पाणी गेलं नाही. माझ्या भाषणात हे सगळं असतं.

माझी पिशवी खोलीत राहिली होती म्हणून मी परत आत गेलो. तात्या छताकडे बघत पडले होते. मला वाटलं, झोप लागलीय. पिशवी उचलली तेवढ्यात ते बोलले.

"शिऱ्या."

"हां तात्या."

"तू म्हणालास ना पेंट, तर मला वाटलं, तुझा साहेब तुझ्या रंगाला नावं ठेवतोय. तुला खोटं पाडतोय. म्हणून मी नख मारून बघितलं. चारी बाजूंनी बघितलं. चोख होता रे. म्हटलं, मस्त धुतो, पूजा करतो, आणि उद्या येऊन तुझ्या साहेबाला दाखवतो, माझ्या पोराचा रंग कसा आहे तो."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. खुर्चीवर रेश्माची चादर होती.

"प्लॅस्टिकचं पॅनेल," तात्या छताकडेच बघत म्हणाले. "ओव्हनमध्ये किती डिग्री?"

"ऐंशी, तात्या."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"मग?"

मी उभा होतो, हातात पिशवी धरून. पेंट शॉपमध्ये उत्तर येईना की तात्या वाट बघायचे, कितीही वेळ, आणि मगच पुढे जायचे. ते तशीच वाट बघत राहिले.